मेंढीचं चीज महाग का? उत्तर तिच्या कासेत आहे

फेब्रुवारी २०१९ मध्ये इटलीच्या सार्डिनिया बेटावरचे मेंढपाळ दुधाचे कॅन घेऊन रस्त्यावर आले आणि त्यांनी ते दूध डांबरावर ओतून दिलं. त्या पांढऱ्या ओघळांची दृश्यं जगभर फिरली. लिटरला जेमतेम ६० सेंट हातात पडत होते, मागणी १ युरोची होती.

दुसरी बातमी अलीकडची. ग्रीसमध्ये २०२४ पासून मेंढ्यांच्या देवीची साथ पसरली. हा रोग माणसाला होत नाही, पण कळपात एका जनावरात सापडला तरी नियमानुसार अख्खा कळप मारावा लागतो. कळपामागून कळप गेले आणि मुख्यतः मेंढीच्या दुधाच्या फेटा चीजचा तुटवडा पडणार का, ही चर्चा सुरू झाली.

म्हणजे एकीकडे दूध नको झालंय म्हणून ओतलं जातं, दुसरीकडे दूध नाही म्हणून ओरड. आणि या दोन्हींच्या मध्ये ग्राहक उभा, ज्याला एवढंच दिसतं की छोट्या शेतावर केलेलं मेंढीच्या दुधाचं चीज गायीच्या साध्या चीजपेक्षा कितीतरी महाग आहे. चीज एवढं महाग, तर दूधवाला रस्त्यावर का? हे कोडं सोडवायचं तर बातम्या थोड्या बाजूला ठेवून आधी मेंढीकडे जावं लागतं.

शंभर मेंढ्या म्हणजे किती गायी?

दुधासाठी पाळायच्या मेंढ्यांच्या जाती वेगळ्या असतात. फ्रान्सची लाकोन, सार्डिनियाची सार्दा, स्पेनची मांचेगा, बास्क डोंगरांतली लाचा. लोकरीसाठी किंवा मांसासाठी पाळलेली मेंढी आपल्या कोकरापुरतंच दूध देते. या जाती पिढ्यान्‌पिढ्या निवडून दुधाळ केलेल्या आहेत. तरीही एका वेतात त्यांच्याकडून माणसाच्या वाट्याला येतं ते साधारण १०० ते ३०० लिटर.

आता एक साधं गणित करू. शंभर मेंढ्यांचा कळप, प्रत्येकीचं २०० लिटर. वर्षाचे झाले २०,००० लिटर. मोठ्या डेअरीतली होल्स्टीन गाय वर्षाला ९,००० लिटरच्या आसपास दूध देते. म्हणजे शंभर मेंढ्यांचं दूध सव्वादोन गायींइतकं. मी हे गणित पहिल्यांदा मांडलं तेव्हा कुठेतरी शून्य चुकलं असेल म्हणून पुन्हा तपासलं. चुकलं नव्हतं.

मात्र हे दूध गायीच्या दुधासारखं नाही. गायीच्या दुधात स्निग्धांश ४ टक्क्यांच्या आत-बाहेर, प्रथिनं सव्वातीन टक्क्यांच्या आसपास. मेंढीच्या दुधात स्निग्धांश ६ ते ८ टक्के आणि प्रथिनं साडेपाच-सहा टक्के. पाणी काढून टाकलं तर गायीच्या १०० किलो दुधात साडेबारा किलोच्या आसपास घन पदार्थ उरतात, मेंढीच्या दुधात १८ किलोच्या वर. साखरेच्या कारखान्यात जसा उसाचा उतारा महत्त्वाचा, तसा चीजमध्ये दुधाचा उतारा. गायीच्या दुधाचं एक किलो घट्ट चीज करायला साधारण १० लिटर दूध लागतं. मेंढीच्या दुधात तेच काम साडेपाच-सहा लिटरमध्ये होतं.

तेव्हा आपल्या २०,००० लिटरचं सुमारे ३,६०० किलो ताजं चीज होईल. मुरताना त्यातलं पाणी उडून वजन दहा-पंधरा टक्क्यांनी घटेल. विकायला उरेल ३,१०० किलोच्या आसपास. उताऱ्याचा फायदा धरूनही हिशेब चार गायींच्या पुढे जात नाही. पण चार गायी सांभाळणं वेगळं आणि शंभर मेंढ्या सांभाळणं वेगळं. शंभर जणींना दिवसातून दोनदा रांगेत आणायचं, प्रत्येकीची कास पुसायची, दोन सडांना यंत्र लावायचं, काढायचं. खुरं तासायची ती चारशे. विण्याच्या हंगामात रात्रीची झोप विसरायची.

आणि हे बारा महिने चालत नाही. समशीतोष्ण देशांतली मेंढी दिवस लहान होऊ लागले की माजावर येते. रात्र लांबली की तिच्या शरीरात मेलाटोनिन हे द्रव्य जास्त वेळ स्रवतं, तोच तिला इशारा. गाभण राहिल्यावर पाच महिन्यांनी ती विते. सुरुवातीचं दूध कोकराचं, साधारण महिनाभर. मग काही महिने माणसाचं. त्यानंतर ती आटते आणि चीजघरातली भांडी पालथी पडतात. गायींचा गोठा वर्षभर दूध देत राहील असा लावता येतो. मेंढ्यांच्या बाबतीत तेही करता येतं, पण त्यासाठी दिव्यांनी दिवस लांब-आखूड करणं, संप्रेरकं देणं असे उपाय लागतात. बरेच छोटे शेतकरी त्या वाटेला जात नाहीत.

चीजचा जन्मच या अडचणीतून झालाय असं म्हटलं तरी चालेल. चार-सहा महिने मिळणारं नाशवंत दूध उरलेल्या वर्षासाठी टिकवायचं, तर त्यातलं पाणी काढा, मीठ घाला आणि थंड जागी ठेवा.

न्हावी आणि केसाळ चेंडू

दूध गोठतं म्हणजे नेमकं काय होतं, हे एकदा कळलं की पुढचं बरंच सोपं जातं.

दुधातल्या प्रथिनांपैकी मोठा हिस्सा केसीन नावाच्या प्रथिनाचा. हे केसीन दुधात सुटंसुटं नसतं. त्याचे अतिसूक्ष्म चेंडू असतात आणि प्रत्येक चेंडूच्या अंगावर बाहेरच्या बाजूने केसांसारखी लव असते. या केसांमुळे दोन चेंडू एकमेकांना चिकटत नाहीत. गर्दीत प्रत्येकाने कोपरं बाहेर काढून उभं राहावं, तसे ते एकमेकांपासून अंतर राखून तरंगतात. म्हणून दूध पातळ राहतं.

रेनेट नावाचं पाचकद्रव्य इथे न्हाव्याचं काम करतं. ते चेंडूवरचे केस बरोबर एका ठरलेल्या जागी कापतं. केस गेले की चेंडू एकमेकांना चिकटू लागतात, दुधातलं कॅल्शियम त्यांना आणखी घट्ट बांधतं आणि बघता बघता सगळ्या भांड्यात एक जाळं उभं राहतं. स्निग्धांशाचे थेंब आणि पाणी त्या जाळ्यात अडकतात. अर्ध्या-पाऊण तासापूर्वी जे दूध होतं, ते आता सुरीने कापता येतं.

मेंढीच्या दुधात केसीन जास्त, कॅल्शियमही जास्त. त्यामुळे जाळं लवकर विणलं जातं आणि घट्ट विणलं जातं. गायीचं पाश्चरित दूध गोठवताना अनेकदा वरून कॅल्शियम क्लोराइड घालावं लागतं. मेंढीच्या दुधाला सहसा त्याची गरज नसते. उलट इथे घाई करावी लागते, कारण कापायला उशीर झाला तर गोठलेलं दूध फार कडक होऊन बसतं.

पुढच्या पायऱ्या थोडक्यात. दूध ३० ते ३५ अंशांवर कोमट करून त्यात आधी विरजण घालतात, म्हणजे दुधातल्या साखरेचं आम्ल करणारे जीवाणू. मग रेनेट. गोठलं की ते तारांच्या जाळीने कापतात. जितका तुकडा बारीक, तितकं पाणी जास्त सुटतं आणि चीज तितकं कोरडं. मऊ चीज हवं तर अक्रोडाएवढे तुकडे, वर्षभर टिकणारं हवं तर तांदळाएवढे. सुटलेल्या हिरवट पाण्याला निवळी म्हणतात. तुकडे साच्यात भरायचे, दाबायचे, मिठाच्या पाण्यात बुडवायचे किंवा वरून मीठ चोळायचं, आणि फळीवर ठेवायचे.

निवळी फेकायची नसते. तिच्यात वेगळी प्रथिनं शिल्लक असतात, ज्यांना रेनेट हात लावत नाही, पण उष्णतेने ती गोठतात. निवळी ८०-९० अंशांपर्यंत तापवली की वर मऊ पांढरा थर जमतो. तेच रिकोटा. इटालियनमध्ये या शब्दाचा अर्थच 'पुन्हा शिजवलेलं'.

फळीवर काय चालतं

मुरणं हा शब्द आपण सहज वापरतो, पण चीजच्या बाबतीत तो अगदी अचूक आहे. फळीवर ठेवलेलं चीज वाळतं, हा त्यातला छोटा भाग. खरं काम आत चालतं. प्रथिनांच्या लांब साखळ्या तुटून लहान होतात, त्यामुळे रबरासारखं चीज हळूहळू तोंडात विरघळणारं होतं. स्निग्धांश फुटून त्यातून वासाची आम्लं सुटतात. जुन्या चीजमध्ये दाताखाली जे कुरकुरीत कण लागतात ते मीठ नसतं. अनेकदा ते प्रथिनांतून सुटलेल्या टायरोसिनचे स्फटिक असतात.

यासाठी १० ते १४ अंश तापमान आणि भरपूर दमटपणा लागतो. फ्रान्समधल्या रोकफोर-स्युर-सुलझों या गावाला हे फुकटात मिळालंय. गावामागचा कोंबालू डोंगर कधीकाळी खचला, त्याच्या पोटात भेगा पडल्या आणि त्या भेगांतून गुहांमध्ये वर्षभर थंड, ओलसर हवा वाहत असते. रोकफोर चीज लाकोन मेंढीच्या कच्च्या दुधाचंच असावं लागतं आणि ते याच गुहांमध्ये मुरावं लागतं. त्यातल्या निळ्या शिरा पेनिसिलियम रोकफोर्ती या बुरशीच्या. बुरशीला हवा मिळावी म्हणून चीजला लांब सुयांनी भोकं पाडतात. या नावाला फ्रान्सने १९२५ मध्ये कायद्याने संरक्षण दिलं.

सगळ्यांकडे डोंगर नसतो. मग तळघर किंवा थंड खोली. तिथे रोज कोणीतरी जाऊन चीज उलटवायचं, पुसायचं, ब्रशने घासायचं, नको ती बुरशी दिसली तर आवरायची. आणि या सगळ्या काळात शेतकऱ्याचा पैसा फळीवर झोपलेला. इटलीचं पेकोरिनो रोमानो हे मेंढीचं चीज खाण्यासाठी विकायचं तर किमान ५ महिने आणि किसण्यासाठी किमान ८ महिने मुरवावं लागतं. स्पेनचं मांचेगो किमान ६० दिवस, लहान आकाराचं असेल तर ३०. मार्चमध्ये काढलेल्या धारेचे पैसे दिवाळीला, असा हा धंदा.

हाताने केलं म्हणून काय सोनं लागलं?

हा आक्षेप रास्त आहे. कारखान्यातही रेनेट तेच, मीठ तेच. हात लावल्याने चीज चविष्ट होतं हे मलाही पटत नाही.

फरक दुसरीकडे आहे. मेंढीचं दूध रोज बदलतं. वेताच्या सुरुवातीला ते पातळ असतं, शेवटाकडे स्निग्धांश वाढत जातो. हिवाळ्यात सुका चारा, वसंतात कोवळं गवत. पाऊस झाला तर वेगळं, ऊन तापलं तर वेगळं. मोठ्या कारखान्यात शेकडो कळपांचं दूध एकत्र येतं. तिथे ते ठरलेल्या मापात आणतात, पाश्चरित करतात, विकतचं विरजण ठरलेल्या प्रमाणात घालतात आणि घड्याळ लावतात. तिथे दुधाने कृतीशी जुळवून घ्यायचं असतं. एका कळपाचं दूध हाताळणाऱ्याला उलटं करावं लागतं. आज गोठायला पाच मिनिटं कमी लागली तर पाच मिनिटं आधी कापायचं. आज निवळी कमी सुटतेय तर तुकडे आणखी बारीक करायचे. गोठलेल्या दुधात बोट घालून वर उचललं की चीर सरळ पडते का फाटते, यावरून तो ठरवतो. 'आर्टिझनल' या शब्दाचा माझ्यापुरता अर्थ एवढाच: कृती ठरवणारा माणूस दुधाजवळ उभा आहे.

याचा दुष्परिणामही सांगायला हवा. अशा चीजचा प्रत्येक घाणा सारखा नसतो. मे महिन्यातलं चाक, म्हणजे चीजचा अख्खा गोल, अप्रतिम निघतं आणि त्याच शेतावरचं जानेवारीतलं चाक साधारण. काही वेळा फसतंही. नको असलेल्या जीवाणूंनी आत वायू केला तर चीज फुगतं, तडकतं. ते कोणी विकत घेत नाही, पण त्याचा खर्च उरलेल्या चाकांवर बसतो.

एक सोय मात्र मेंढीच्या दुधातच आहे. त्यातले स्निग्धांशाचे थेंब बारीक असतात, साय पटकन वर येत नाही, आणि ते दूध खूप थंड तापमानाला गोठवून काही महिने ठेवता येतं. ज्यांच्याकडे पंधरा-वीसच मेंढ्या आहेत, ते दूध गोठवून साठवतात आणि पुरेसं जमलं की एकदम चीज करतात. शुद्धतावादी नाक मुरडतात. मला त्यात काही गैर वाटत नाही.

मग सार्डिनियात दूध का ओतलं?

सार्डिनियातलं बरंचसं दूध मेंढपाळ स्वतः चीजसाठी वापरत नाही. तो ते चीज कारखान्यांना घालतो, आणि कारखाने त्याचं मुख्यतः पेकोरिनो रोमानो करतात. नावात रोम असलं तरी हे चीज बहुतांशी सार्डिनियातच होतं आणि मोठा वाटा अमेरिकेला निर्यात होतो. हा घाऊक माल. त्याचं उत्पादन वाढलं, भाव कोसळला आणि दुधाचा दर त्या भावाशी जोडलेला, म्हणून तोही कोसळला.

६० सेंट दराने पेकोरिनो रोमानोच्या एका किलोत मेंढपाळाचे साडेतीन युरोंच्या आसपास. त्यात चारा, औषधं, यंत्र आणि दिवसाला दोन धारा. लाचारीतून आलेला तो राग होता. कोड्याचं उत्तर असं की महाग चीज आणि स्वस्त दूध या एकाच साखळीच्या दोन टोकांच्या गोष्टी आहेत आणि मधला फायदा कोणाकडे जातो हे टोकावरच्या मेंढपाळाच्या हातात नसतं.

काही मेंढपाळ म्हणूनच स्वतः चीज करायला लागतात. दुधाचा दर कोणी ठरवायचा हा प्रश्नच मिटतो. पण तो हौसेचा मामला नाही. स्वच्छतेच्या नियमांत बसणारं चीजघर, स्टीलची भांडी, थंड खोली, तपासण्या, शिवाय विक्री. सकाळी धार काढणाऱ्याने दुपारी चीज करायचं आणि शनिवारी बाजारात उभं राहायचं. अनेकदा हे नवरा-बायकोत वाटून घेतलेलं असतं आणि दोघांपैकी एक आजारी पडला की सगळं अडतं.

आणि ग्रीसमधली साथ याच घरांना जास्त लागते. मोठा कारखाना दुसऱ्या भागातून दूध मागवू शकतो, स्वतःच्या कळपावर जगणारा नाही. त्याला कळप पुन्हा उभा करायचा तर नवी जनावरं आणायला परवानगी मिळेपर्यंत थांबायचं. आणलेल्या कोवळ्या मेंढ्या पहिल्यांदा विणार साधारण सव्वा-दीड वर्षाच्या झाल्यावर, तोवर धार नाही. थेसलीतल्या मेंढपाळांनी तर सप्टेंबर २०२३ मध्ये डॅनियल वादळाच्या पुरात जनावरं गमावली होती, त्यातून सावरत असतानाच ही साथ आली.

या चीजला मेंढीचा वास येतो त्याचं काय?

येतो. काहींना तो आवडतो, काहींना नाही. मेंढी आणि शेळीच्या दुधात कॅप्रोइक, कॅप्रिलिक आणि कॅप्रिक ही आखूड ते मध्यम साखळीची आम्लं गायीच्या दुधापेक्षा जास्त असतात. तिन्ही नावं लॅटिनमधल्या 'काप्रा' म्हणजे शेळी या शब्दावरून आली आहेत, यावरून काय ते समजा. जोडीला काही फांद्या फुटलेल्या साखळीची आम्लं असतात, ज्यांचा अगदी थोडा अंशही नाकाला कळतो. स्निग्धांशाला बांधलेली असेपर्यंत ही आम्लं गप्प असतात, सुटली की वास देतात. त्यामुळे ताज्या मेंढीच्या चीजला जवळपास वास नसतो, ते गोडसर लागतं. उग्रपणा मुरण्याबरोबर येतो. अस्वच्छ गोठ्याचा वास हा वेगळा प्रकार आहे आणि तो चांगल्या चीजला यायला नको.

रंगाबद्दलही विचारतात. मेंढीचं चीज पांढरट-हस्तिदंती असतं, कारण गवतातलं पिवळं कॅरोटीन मेंढी जवळजवळ पूर्णपणे 'अ' जीवनसत्त्वात बदलून टाकते. गायीच्या दुधात ते बरंचसं तसंच उतरतं. पांढरं म्हणजे कमी पौष्टिक हा समज चुकीचा आहे.

कच्च्या दुधाचं चीज धोक्याचं नाही का?

धोका असतो, आणि तो चीजगणिक वेगळा असतो. कच्चं दूध म्हणजे पाश्चरित न केलेलं, म्हणजेच ७२ अंशांवर १५ सेकंद किंवा ६३ अंशांवर ३० मिनिटं न तापवलेलं. त्यात लिस्टेरिया, साल्मोनेला, ई. कोलायचे घातक प्रकार असू शकतात. मेंढ्या-शेळ्यांच्या बाबतीत ब्रुसेला या जीवाणूचीही भीती असते. त्यावर उपाय कळपाची नियमित तपासणी हाच.

कच्च्या दुधाच्या बाजूने मुद्दा असा की त्यात त्या कळपाचे, त्या जागेचे जीवाणू जिवंत राहतात आणि चव जास्त गुंतागुंतीची होते. हे खरं आहे. घट्ट, खारट, बरेच महिने मुरलेल्या चीजमध्ये घातक जीवाणूंना जगणंही कठीण जातं, कारण पाणी कमी, आम्ल जास्त, मीठ जास्त. अमेरिकेत याच विचाराने कच्च्या दुधाचं चीज किमान ६० दिवस मुरवण्याचा नियम आहे. पण ६० दिवस हा काही मंत्र नाही. मऊ, ओलसर चीजमध्ये लिस्टेरिया टिकू शकतो आणि तो फ्रिजच्या थंडीतही वाढतो. गरोदर बायका, लहान मुलं, म्हातारी माणसं आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी कच्च्या दुधाचं चीज, त्यातही मऊ आणि निळ्या शिरांचं, टाळावं. 'आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या खातात' हे उत्तर इथे पुरत नाही.

गायीचं दूध सोसत नाही, मग हे चालेल?

इथे दोन वेगळ्या तक्रारी एकाच नावाने सांगितल्या जातात. एक, दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज न पचणं. मेंढीच्या दुधात लॅक्टोज जवळपास गायीइतकंच असतं, त्यामुळे दूध पिऊन उपयोग नाही. पण चीज करताना ते बरंचसं निवळीबरोबर जातं आणि उरलेलं जीवाणू संपवतात. महिनोन्‌महिने मुरलेल्या चीजमध्ये ते नावालाच राहतं, गायीच्याही आणि मेंढीच्याही.

दुसरी तक्रार दुधाच्या प्रथिनांच्या अ‍ॅलर्जीची, आणि ती गंभीर आहे. गाय आणि मेंढी यांची केसीनं इतकी सारखी आहेत की गायीच्या दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्यांपैकी बहुतेकांना मेंढीच्या दुधानेही त्रास होतो. अशा मुलाला 'हे वेगळं आहे' म्हणून मेंढीचं चीज देऊ नये.

शाकाहारी माणसाने काय करावं?

पारंपरिक रेनेट कोवळ्या वासराच्या किंवा कोकराच्या पोटातून येतं, म्हणजे जनावर कापल्यावर. पेकोरिनो रोमानोमध्ये कोकराचंच रेनेट वापरतात. त्यात स्निग्धांश फोडणारी द्रव्यंही असल्यामुळे चीजला झणझणीतपणा येतो. १९९० पासून मात्र सूक्ष्मजीवांकडून तयार करून घेतलेलं रेनेट बाजारात आहे आणि बुरशीपासूनचंही मिळतं.

मला सर्वांत गंमत वाटते ती पोर्तुगालच्या सेरा दा एश्त्रेला चीजची. तिथे रेनेट म्हणून कार्डून या काटेरी झुडपाच्या जांभळ्या फुलांचे तंतू भिजवून वापरतात. हा न्हावी जरा बेशिस्त आहे. ठरलेल्या जागीच कापून थांबत नाही, पुढेही प्रथिनं कापत राहतो. त्यामुळे चीज आतून इतकं मऊ होतं की वरची साल गोल कापून चमच्याने खातात. हेच फूल गायीच्या दुधात घातलं तर चीज कडवट व्हायचा संभव जास्त. मेंढीचं दाट दूध ते सोसतं.

रेनेट कुठलंही असो, मेंढी विल्याशिवाय दूध नाही आणि जन्मलेल्या कोकरांपैकी निम्मी नर. त्यातली बहुतेक मांसासाठी जातात. हे गाय-म्हशीच्या दुधालाही लागू आहे, पण मेंढीच्या बाबतीत ते जास्त उघड दिसतं, कारण कोकरांच्या विक्रीचे पैसे शेताच्या हिशेबात ठळकपणे धरलेले असतात.

लेबलवर काय वाचायचं

'आर्टिझनल' हा शब्द अनेक देशांत कोणीही छापू शकतो, अमेरिकेत त्याची कायदेशीर व्याख्या नाही. फ्रान्समधला 'फर्मिए' हा शब्द त्यापेक्षा भक्कम आहे. ते चीज शेतकऱ्याने आपल्याच कळपाच्या दुधापासून, आपल्याच शेतावर केलेलं असावं लागतं. माझा सल्ला असा की विशेषणांवर नजर न थांबवता दूध कोणाच्या कळपाचं, चीज कोणी केलं आणि मुरवलं कोणी हे शोधावं. ज्याला हे माहीत असतं तो विक्रेता आपणहून सांगतो.

युरोपात भौगोलिक नावांना संरक्षण असतं. फेटा हे नाव २००२ पासून ग्रीसपुरतं राखीव आहे आणि २००५ मध्ये युरोपच्या न्यायालयाने ते कायम ठेवलं. त्यात मेंढीचं दूध किमान ७० टक्के हवं, उरलेलं फक्त शेळीचं. युरोपबाहेर त्याच नावाने गायीच्या दुधाचं चीज सर्रास विकलं जातं. पण संरक्षित नाव म्हणजे छोटं शेत, असंही नाही. रोकफोर आणि पेकोरिनो रोमानो ही दोन्ही नावं संरक्षित आहेत आणि दोन्हींचा बराच मोठा वाटा मोठ्या उत्पादकांचा आहे. नावामुळे जागा आणि पद्धत समजते, आकार नाही.

भेसळही होते. मेंढीचं दूध महाग, गायीचं स्वस्त, मग मिसळण्याचा मोह. युरोपीय संघाची ती पकडण्याची अधिकृत चाचणी केसीनवरच आधारलेली आहे. केसीनचे तुकडे करून विद्युतक्षेत्रात सोडले की गायीचे तुकडे वेगळ्या जागी जाऊन थांबतात. टक्काभर गायीचं दूधही लपत नाही.

मांचेगोच्या कडेवर नागमोडी नक्षी असते. पूर्वी एस्पार्तो गवताच्या विणलेल्या पट्ट्यांमध्ये चीज बांधून दाबत, त्या विणीचा ठसा उमटायचा. आता पट्ट्या गेल्या, साचे आले, पण साच्याच्या आतून तीच वीण कोरलेली असते. तेवढ्यावर विसंबू नका, नक्षी कोणीही उमटवू शकतं. खऱ्या मांचेगोच्या वर-खालच्या बाजूंपैकी एकीवर क्रमांक असलेली छोटी चकती बसवलेली असते, चीज साच्यात असतानाच. ती चकती केसीनची असते, त्यामुळे चाक मुरत जातं तसं ते ओळखपत्रही सालीत मुरून एकजीव होतं.